‘हायड्रॉलिक बाजू उघडू नये’

परदेशी बनावटीचा डायाफ्राम पंप खोक्यातून बाहेर काढला, की गिअरबॉक्स आणि पुढचं डोकं यांच्या मधल्या भागावर एक पिवळी पट्टी चिकटवलेली दिसते. चार-पाच भाषांत एकच सूचना असते : हायड्रॉलिक बाजू उघडू नये, अधिकृत तंत्रज्ञाला बोलवावं, नाहीतर वॉरंटी रद्द. (त्या चार-पाच भाषांत मराठी नसते, हे सांगायला नको.) वॉरंटी वर्षभराची, फार तर दीड वर्षाची. पंप नीट सांभाळला तर पंधरा-वीस वर्षं चालतो. म्हणजे पंपाच्या जवळजवळ सगळ्या आयुष्यात त्या पट्टीला कागदोपत्री काही अर्थ नसतो. तरी ती कुणी खरवडून काढत नाही. रंग उडतो, अक्षरं पुसली जातात, आणि मजकूर मात्र माणसांच्या डोक्यात जाऊन बसतो.

मी सव्वीस वर्षं रासायनिक कारखान्यांच्या देखभाल विभागात काढली आहेत. ‘उघडू नये’ हा सुरुवातीला निर्मात्याचा सल्ला होता. मग तो खरेदी विभागाचा नियम झाला, मग सेफ्टीचा, आणि आता तो आमच्या व्यवस्थापनाचा जवळपास धर्म झाला आहे. या धर्माविरुद्ध मला बोलायचं आहे. माझं म्हणणं असं, की जो पंप वापरतो त्याला तो आतून माहीत असला पाहिजे. आणि ज्या कारखान्यात हायड्रॉलिक बाजू उघडून परत बसवणारं एकही माणूस उरलेलं नाही, त्या कारखान्यानं तो पंप चालवू नये. वाक्याचा दुसरा भाग कडक वाटेल. तो तसाच राहू दे.

आधी या यंत्राची ओळख. लोहाराचा भाता आठवा. चामडं हलतं, हवा ढकलली जाते, आणि हवेचा लोहाराच्या हाताशी संबंध येत नाही. डायाफ्राम पंपात चामड्याच्या जागी टेफ्लॉनचा पातळ गोल पडदा असतो. एका बाजूला आम्ल, अल्कली, जे काही विषारी असेल ते. दुसऱ्या बाजूला माणसांनी वावरायची जागा. दांड्याभोवतीच्या पॅकिंगमधून रसायन ठिबकतंय, ही साध्या प्लंजर पंपाची रोजची कटकट इथे उरत नाही. पण दांड्यानं तो पडदा थेट मध्यभागी ढकलला, तर जास्त दाबाला तो फाटणार. म्हणून मध्ये तेल घातलं. प्लंजर तेलाला ढकलतो, तेल पडद्याला ढकलतं. पास्कलनं सतराव्या शतकात सांगून ठेवलंय, की कोंडलेल्या द्रवाला दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो. तसा तो पडद्याच्या प्रत्येक बिंदूवर पोचतो. पडद्याच्या दोन्ही बाजूंना जवळपास सारखाच दाब असतो, त्यामुळे बिचाऱ्याला फक्त मागेपुढे वाकायचं काम उरतं. एवढासा पडदा शंभर बारच्या वरही तग धरतो तो या एका युक्तीमुळे.

ही युक्ती जिथे राहते ती जागा म्हणजे हायड्रॉलिक बाजू. आत आहे काय? एक प्लंजर, त्याचं पॅकिंग, थोडं तेल, भोकं पाडलेली एक बशीसारखी तबकडी (पडद्यानं किती मागे यावं याची हद्द) आणि तीन छोटे व्हॉल्व्ह. पहिला भरणीचा : पॅकिंगमधून तेल थोडं थोडं गळतं, ते मागे येणाऱ्या स्ट्रोकला टाकीतून भरून काढणारा. दुसरा रिलीफचा : पुढची लाइन कुणी चुकून बंद केली, तर वाढलेला दाब तेलातच सोडून देणारा, म्हणजे पाइप फुटत नाही. तिसरा हवा काढणारा : दर स्ट्रोकला थेंबभर तेलाबरोबर बुडबुडे बाहेर टाकणारा. तेल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. आत हवा राहिली तर प्लंजरची मेहनत ती हवा दाबण्यातच जाते आणि पुढे माल कमी पडतो.

बस. सात-आठ भाग. कुठेही संगणकाची चिप नाही, गुप्त मिश्रधातू नाही, अंतराळविज्ञान नाही. आयटीआयमध्ये दोन वर्षं फिटरचा ट्रेड केलेल्या पोराला समजणार नाही असं आत काहीही नाही. आणि हीच बाजू आज ‘ब्लॅक बॉक्स’ म्हणून विकली जाते. बिघडली तर अख्खी काढा, अख्खी पाठवा, अख्खी बदला.

एक प्रसंग सांगतो. रायगड जिल्ह्यातला कारखाना. नाव सांगत नाही. सांडपाण्याच्या टाकीत कॉस्टिक सोडणारा पंप होता. आम्लधर्मी पाणी कॉस्टिकनं उदासीन करायचं आणि मगच पुढच्या प्रक्रियेला सोडायचं. पंपाचा माल कमी पडू लागला. आमच्याकडे एक जुने फिटर होते, सगळे त्यांना मामा म्हणत. मीही इथे तेवढंच म्हणतो. मामांनी आधी सक्शनची जाळी पाहिली, स्वच्छ होती. पुढच्या डोक्यातले बॉल आणि सीट पाहिले, ठीक होते. मग कॅलिब्रेशन पॉट भरून मिनिटभरात पातळी किती उतरते ते मोजलं. शंभर टक्के स्ट्रोकला साठ टक्क्यांच्या आसपास माल. मग त्यांनी हायड्रॉलिक टाकीचं झाकण उचललं आणि टॉर्च मारून तेलाकडे पाहत उभे राहिले. प्लंजर पुढे गेला, की भरणीच्या व्हॉल्व्हमधून तेलाची एक बारीक उसळी उलट टाकीत येत होती. दर स्ट्रोकला.

“साहेब, भरणीचा वॉल बसत नाहीये,” ते म्हणाले. “बॉल नि सीट. दोन तास द्या.”

प्लांटचे नवे प्रमुख शेजारीच उभे होते. वयानं मामांच्या मुलाएवढे, वागायला सभ्य. “मामा, तुमचं बरोबर असेल. पण उघडायचं नाही. वार्षिक करार झालाय, त्यांनाच बोलवू.”

बोलावलं. माणूस आला, फोटो काढले, हायड्रॉलिक बाजू पूर्ण बदलावी लागेल असा अहवाल दिला. सुटी बाजू अकरा आठवड्यांनी आली. जोडीचा पंप त्याच कराराखाली आधीच बाहेर गेलेला होता. या अकरा आठवड्यांत सांडपाणी थांबलं नाही, कारण उत्पादन थांबलं नाही. कंत्राटदाराचे दोन कामगार बादलीनं कॉस्टिकच्या पापड्या पाण्यात विरघळवून टाकीत ओतत राहिले. कॉस्टिक पाण्यात पडलं की पाणी तापतं, उसळतं. पीएचचा काटा कधी पाचवर, कधी अकरावर. पंप सेकंदासेकंदाला जे थेंबाथेंबानं करतो, ते माणसानं बादलीनं करायचं म्हटलं तर दुसरं काय होणार? त्या दोघांपैकी एकाच्या हातावर, हातमोजा संपतो त्याच्या वर, पोळल्याचा डाग आहे. मी लेखी हरकत घेतली होती. ती फाइलला लागली.

नवी बाजू बसवल्यावर अहवाल आला, त्यात कारण लिहिलं होतं : सर्वसाधारण झीज. जुन्या बाजूतला तो बॉल आणि ते सीट आमच्यापैकी कुणालाच पाहायला मिळालं नाही. सीटवर ओरखडा होता का, स्प्रिंग थकली होती का, तेलात कचरा गेला होता का, आणि गेला असेल तर तो आमच्याच टाकीच्या फाटक्या झाकणातून जात होता का? काहीच कळलं नाही. म्हणजे तेच पुन्हा होणार.

माझा मुख्य आक्षेप इथे आहे. पैशाचा मुद्दा मी मांडू शकतो. पॅकिंग, ओ-रिंगा, बॉल-सीट आणि पडदा यांचा संच आमच्याकडच्या दरानं अख्ख्या बाजूच्या विसाव्या हिश्श्यातही येत नव्हता. पण पैशाचं बोललं, की समोरचा बंद पडलेल्या तासांचा हिशेब काढतो आणि वाद कोष्टकात अडकतो. पैशाहून मोठं नुकसान माहितीचं आहे. उघडणं हे दुरुस्तीच्या आधीचं, तपासण्याचं काम आहे. उघडल्यावर जे दिसतं ते कुठल्याही सेन्सरवर दिसत नाही. तेल पांढऱ्या ट्रेमध्ये काढलं आणि ते दुधाळ निघालं, तर आत पाणी किंवा प्रक्रियेतला द्रव शिरलाय : पडदा तपासा, आणि त्या तेलाला हात लावण्याआधी पीएचचा कागद बुडवा. काळं निघालं तर तापलंय किंवा पॅकिंगची पूड आहे. तळाशी सोनेरी चुरा दिसला तर गिअरबॉक्सकडे बघा, तिथलं कांस्याचं चाक झिजतंय. प्लंजरवर उभे ओरखडे असतील तर नखाला लागतात. नख अडकलं, की नवं पॅकिंग घालूनही उपयोग नाही. पडद्यावर मागच्या तबकडीच्या भोकांचे ठसे उमटले असतील, तर तो फार मागे जातोय. बिघाड हायड्रॉलिक बाजूत दिसतो आणि त्याचं कारण दुसरीकडेच असू शकतं. अख्खी बाजू खोक्यात घालून पाठवून दिली, की हा सगळा पुरावाही खोक्यातून जातो.

आता समोरच्यांचं म्हणणं. ते मूर्ख नाहीत आणि त्यांचा एक मुद्दा पक्का आहे : घाणेरड्या हातांनी उघडलेली हायड्रॉलिक बाजू न उघडलेल्या बाजूपेक्षा वाईट. खरं आहे. कॉटन वेस्टनं पुसलेल्या व्हॉल्व्हमध्ये एक धागा राहिला, की बॉल बसत नाही आणि नवा बिघाड तयार. म्हणून काय करायचं? उघडायचं नाही, की कॉटन वेस्ट वापरायचं नाही? शस्त्रक्रियेत जंतुसंसर्ग होतो म्हणून तालुक्यातली शस्त्रक्रियागृहं बंद करून सगळे रोगी परदेशी पाठवा, असं कुणी म्हणत नाही. स्वच्छता शिकवता येते. मामांच्या बाकावर या कामासाठी एक वेगळी पेटी होती. तिच्यात धागे न सुटणारं कापड, लाकडी टोकाची कांडी, पॅकिंग काढायचा आकडा, आणि वर्तमानपत्राऐवजी कोरा पांढरा कागद. वर्तमानपत्र का नाही, असं एका ट्रेनीनं विचारलं तेव्हा मामांनी त्याला शाई लागलेलं बोट दाखवलं.

दुसरा मुद्दा सुरक्षेचा. रिलीफ व्हॉल्व्ह चुकीच्या दाबाला लावला तर पाइप फुटू शकतो. हेही खरं. तो अंदाजानं, ‘अजून अर्धा फेरा दे’ म्हणत लावणाऱ्याच्या हातातून पाना काढूनच घ्यावा. पण त्यासाठी लागतं काय? हातपंपाचा एक छोटा टेस्ट बेंच, कॅलिब्रेट केलेला गेज, स्प्रिंगची मोकळी लांबी मोजायला व्हर्निअर, आणि कोणत्या दाबाला व्हॉल्व्ह उघडला ते लिहिलेली, सही केलेली नोंद. पंधराएक वर्षांपूर्वीपर्यंत मध्यम आकाराच्या बऱ्याच कारखान्यांत हे सगळं होतं. माझ्या डोळ्यांदेखत एका ठिकाणचा टेस्ट बेंच भंगारात गेला, कारण ‘आता आपण हे काम करत नाही’. आधी साधन काढून घ्यायचं आणि मग साधन नाही म्हणून काम धोक्याचं ठरवायचं, याला सुरक्षा म्हणतात?

आणि मी सगळं सगळ्यांनी उघडा असंही म्हणत नाही. आत काय होतं हे माहीत नसलेला, नीट धुतला गेल्याचा लेखी दाखला नसलेला पंप मी कुणाला उघडू देणार नाही, अधिकृत तंत्रज्ञालासुद्धा. काही रसायनांसाठी दुहेरी पडदा असतो, मधल्या पोकळीत दाब वाढला की पडदा फाटल्याची खूण मिळते. ती खूण दिसत असताना घाई करणाऱ्याला मी दाराबाहेर काढीन. मोटरच्या पुरवठ्याला कुलूप, दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद आणि त्यांना टॅग, दाब शून्य, लाइन धुतलेली, चेहऱ्यावर ढाल, मगच पहिला बोल्ट. हा क्रम मामा कुठल्याही सेफ्टी ऑफिसरपेक्षा कडक पाळत, कारण चूक झाली तर चेहरा त्यांचा होता.

गंमत अशी, की सुरक्षेचं नाव घेऊन देखभालीचे जाणते हात कमी करणाऱ्या या देशाला भोपाळ माहीत आहे. १९८४च्या २ आणि ३ डिसेंबरमधल्या त्या रात्री मिथाइल आयसोसायनेटच्या टाकीची शीतकरण यंत्रणा बंद ठेवलेली होती, वायू जाळणाऱ्या फ्लेअरचा पाइप दुरुस्तीसाठी काढलेला होता, आणि खर्चकपातीत रात्रपाळीच्या देखभाल पर्यवेक्षकाचं पद आधीच रद्द झालं होतं. भोपाळ कुठल्या डायाफ्राम पंपामुळे घडलं नाही, ते इथे ओढून आणायचा मोह टाळायला हवा हे मला कळतं. पण कपात कुठून सुरू होते तेवढं त्यातून दिसतं. ती सुरू होते ज्याला यंत्र आतून माहीत आहे, त्याच्या खुर्चीपासून. तो गेल्यावर काही दिवस काहीच होत नाही. कोष्टक सुधारतं.

मामांची खुर्ची (म्हणजे लाकडी स्टूल) अशीच गेली. ते निवृत्त झाले, जागा भरली नाही. त्यांच्याबरोबर काम करणारी दोन पोरं कंत्राटदाराची होती. कंत्राटदार बदलला, पोरं बदलली. १९७०च्या कंत्राटी कामगार कायद्यानं कंत्राटी पद्धतीवर बंदी घालताना काम बारमाही स्वरूपाचं आहे का, हा एक निकष ठेवला होता. ज्या कारखान्यात बारा महिने चोवीस तास पंप चालतात, तिथे पंपांची देखभाल बारमाही नाही तर काय पावसाळी आहे? आयटीआयमधून बाहेर पडलेला मुलगा कानस मारून चौकोनात चौकोन बसवायला शिकलेला असतो, आटे पाडायला शिकलेला असतो, मायक्रोमीटर वाचतो. कारखान्यात त्याला ‘हेल्पर’ म्हणून घेतात आणि खोकी उचलायला लावतात. अकरा महिन्यांनी ब्रेक. त्याच्या हातात जे आलं होतं ते दोन वर्षांत विसरलं जातं. मग सेमिनारमध्ये आम्ही म्हणतो, कुशल मनुष्यबळ मिळत नाही.

माझ्याच वर्गाबद्दल, म्हणजे पदवीधर इंजिनिअरांबद्दल, बोलल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही. निर्मात्यांची चिकटपट्टी आमच्याकडे इतकी घट्ट का चिकटली? कारण ती आम्हाला सोयीची होती. चार वर्षं मेकॅनिकल शिकून एकदाही ग्लँडचं पॅकिंग न बदलता पदवी मिळते. घरच्यांना मुलगा ‘साहेब’ झालेला हवा असतो, आणि साहेबाची नखं स्वच्छ असतात. ‘उघडू नये’ म्हटलं, की आपल्याला उघडता येत नाही हे झाकलं जातं. आपल्या समाजात लोखंडाला हात लावणाऱ्याची पायरी ठरलेली होती आणि वाचणाऱ्या-लिहिणाऱ्याची वेगळी. कारखाना आला, त्या पायऱ्यांवर नवे रंग चढले, बाकी फार हललं नाही. गावगाड्यात लोहार बारा बलुतेदारांपैकी एक होता. मोडलेला फाळ तो गावातच नीट करून देई. त्याचे गोडवे गाताना त्याला खळ्यावर काय मिळायचं आणि कुणाच्या मर्जीनं मिळायचं तेही आठवावं. मला गावगाडा परत नको आहे. मला एवढंच दिसतं, की त्याच्या हाताला तेव्हाही मान नव्हता, आताही नाही. फरक इतकाच, की आता आपल्याला तो हातही नको झालाय.

हे साहित्याच्या ठिकाणी का लिहितोय, असं कुणी विचारील. किर्लोस्करवाडी १९१० साली वसली. लोखंडी नांगर, पुढे पंप. लक्ष्मणराव किर्लोस्कर त्याआधी मुंबईत ड्रॉइंग शिकवत आणि नंतर बेळगावात त्यांचं सायकलींचं दुकान होतं. विक्री आणि दुरुस्ती. त्या कारखान्याचं वार्तापत्र म्हणून १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ निघालं आणि त्याचंच पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झालं. म्हणजे मराठीतल्या एका मोठ्या मासिकाचं मूळ नांगराच्या कारखान्यात आहे. त्यानंतर आपण कथा-कविता भरपूर लिहिल्या, कामगाराच्या हलाखीवर चांगलं लिहिलं, संपावर लिहिलं. पण कामगाराला येतं काय, त्याच्या बोटांना काय कळतं, याबद्दल मराठीत वाचायला शोधावं लागतं. त्याची गरिबी आपल्याला दिसते, त्याचं ज्ञान दिसत नाही. आणि ज्या ज्ञानाला आपण ज्ञान म्हणत नाही, ते गेल्याचं आपल्याला दुःखही होत नाही.

म्हणून ते ज्ञान दिसतं कसं ते थोडं लिहून ठेवतो. जुनं पॅकिंग काढून नवं घालायचं. व्ही आकाराच्या कड्या असतात, त्यांचे ओठ दाबाकडे हवेत. एक जरी उलटी गेली तर बाकीच्या कितीही चांगल्या असोत, तेल गळणार. त्या तेलात भिजवून एकेक बसवायच्या, सगळ्या एकदम ठोकायच्या नाहीत. ग्लँड सुरुवातीला फक्त हातानं आवळायची. माणसाचा स्वभाव असा, की गळू नये म्हणून तो आधीच जोर लावतो. मग पॅकिंग जळतं, प्लंजरवर ओरखडे येतात आणि गळती कायमची होते. थोडं गळू द्यायचं, पंप फिरू द्यायचा, मग पाव पाव फेरा. सीट खराब असेल तर पेस्ट लावून लॅपिंग करायचं. करकर आवाज बदलून मऊ झाला, की थांबायचं; हा आवाज मामा डोळे मिटून ऐकत. पेस्टचा कणही राहता कामा नये, रॉकेलनं तीन वेळा धुवायचं, आणि बॉल नवाच घालायचा.

पडदा बसवून पुढचं डोकं लावताना बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे, टॉर्क रेंचनं. मग तेल. इथे सगळ्यांचा धीर सुटतो. तेल ओतलं, झाकण लावलं, बटण दाबलं, तर आत हवा राहणार आणि तुम्ही म्हणणार दुरुस्ती फसली. तेल हळू ओतायचं, थांबायचं. मोटरचा पंखा हातानं फिरवायचा, प्लंजर मागेपुढे होऊ द्यायचा, बुडबुडे वर येऊ द्यायचे. पुन्हा तेल, पुन्हा थांबायचं. अंगाला लाकडी हातोडीनं हलकेच टकटक, म्हणजे कोपऱ्यात चिकटलेले बुडबुडे सुटतात. मामा या वेळात तंबाखू मळत नसत, चहाला जात नसत. तेलाकडे बघत बसत. बुडबुडे थांबले, की स्ट्रोक शून्यावर ठेवून मोटर सुरू करायची आणि हळूहळू वाढवायचा, पुढच्या बाजूला दाब न देता. शेवटी कॅलिब्रेशन पॉट : पंचवीस, पन्नास, पंच्याहत्तर, शंभर टक्क्यांना मिनिटाला किती, ते लिहायचं. चार आकडे सरळ रेषेत आले तर काम झालं. नाही आले तर रेषा कुठे वाकते त्यावरून पुढचा शोध.

हे एका पाळीचं काम आहे, एका फिटरचं आणि एका मदतनिसाचं. यातलं काहीही जादू नाही, आणि मॅन्युअल एकदा वाचून येणारंही नाही. दोन-तीनदा कुणा जाणत्याशेजारी उभं राहून करावं लागतं. तो जाणता माणूसच आपण नाहीसा करतो आहोत.

जुलै २०२२मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली. चार क्षेत्रं धरली : शेतीची अवजारं, मोबाइल आणि टॅब्लेट, घरगुती टिकाऊ वस्तू, वाहनं. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यानं २०२३मध्ये शेतकऱ्यांना आपल्या ट्रॅक्टर-अवजारांच्या दुरुस्तीचा हक्क देणारा कायदाच केला. या यादीत कारखान्यातली यंत्रं नाहीत. समज असा, की कंपनी कंपनीशी बरोबरीनं करार करते, तिला कायद्याचं संरक्षण कशाला? पण त्या करारावर सही करणारा आणि बादलीनं कॉस्टिक ओतणारा ही दोन वेगळी माणसं असतात. ग्राहक कोण, हे ठरवताना दुसऱ्याला कुणी मोजलेलंच नाही.

कायदा होईल तेव्हा होईल. तोवर जे करता येतं ते खरेदीच्या ऑर्डरमध्ये करता येतं, कारण पंप विकायचा असतो तेव्हा विक्रेता ऐकतो. विकल्यावर ऐकत नाही. मी आता ऑर्डरमध्ये लिहायला लावतो : हायड्रॉलिक बाजूचं भागवार क्रमांकांसह छेदचित्र, भरणीचा, रिलीफचा आणि हवेचा व्हॉल्व्ह सुटे मिळण्याची हमी, नुसती अख्खी बाजू नव्हे, रिलीफच्या दाबाचा आणि बोल्टच्या टॉर्कचा आकडा लेखी, तेलाचा दर्जा ब्रँडच्या नावानं नाही, तर व्हिस्कॉसिटीच्या आकड्यानं, आणि पंप सुरू करून द्यायला येणाऱ्या तंत्रज्ञानं आमच्या दोन फिटरांसमोर हायड्रॉलिक बाजू एकदा पूर्ण उघडून, परत बसवून, पॉटवर मोजून दाखवायची. पहिल्यांदा या अटी पाठवल्या तेव्हा खरेदी विभागातून फोन आला, की अशा अटी कुणी घालत नाही. तीन विक्रेत्यांपैकी एकानं नकार दिला, एकानं उत्तरच दिलं नाही, तिसऱ्यानं किंमत थोडी वाढवून होकार दिला. शेवटच्या अटीवर तो थोडा अडला. ज्या दिवशी त्याचा माणूस आला, त्या दिवशी मी मामांना त्यांच्या घरून गाडी पाठवून बोलावून घेतलं. कंत्राटदाराची दोन पोरं, मामा आणि तो तंत्रज्ञ असे चौघं पांढऱ्या कागदाभोवती बसले. रिलीफची स्प्रिंग हातात घेऊन मामांनी त्या तंत्रज्ञाला विचारलं, “भाऊ, हिची नवी असतानाची लांबी किती?” त्याला माहीत नव्हतं. त्यानं त्याच्या ऑफिसला फोन लावला, आणि उत्तर येईपर्यंत एका पोरानं व्हर्निअर काढून ती मोजून ठेवली.